तोड थांबवलेलं रान : साडेतीन वर्षांच्या नोंदी

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला आमचं सात एकर रान आहे, सामायिक, म्हणजे बाबा, थोरले काका आणि आत्या अशा तिघांच्या नावावर. कोकणात बहुतेक रान असं खाजगी मालकीचंच, आणि आठ-दहा वर्षांनी ते ठेकेदाराला उभं विकायचं, त्याने सपाट तोडून जळणाला-कोळशाला न्यायचं, खुंटांना फुटवे येऊन परत उभं राहिलं की परत विकायचं, हे मी लहानपणापासून बघत आलेय. आमची शेवटची तोड २०१२ ची. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात आमची आंब्या-सुपारीची बाग जवळपास सगळी आडवी झाली, आणि बागेला लागूनच पऱ्याच्या (ओढ्याच्या) काठाला जो कधीच न तोडलेला जुना पट्टा आहे तिथली फक्त तीन झाडं पडली. तेच वारं, तोच पाऊस. ते बघितल्यापासून डोक्यात होतं की हे रान परत विकायचं नाही.

पुढच्या वर्षी ठेकेदार आला, नव्वद हजार सांगितले. काका तयार होते. बाबांनी आणि आत्याने माझ्या भरवशावर नाही म्हटलं. म्हणजे हिशोबात पहिली ओळ ही, नव्वद हजार सोडले. ज्यांच्याकडे असंच रान आहे आणि तोड थांबवून पुढे काय करायचं हे कळत नाहीये त्यांच्यासाठी वहीतल्या नोंदी टाइप करतेय, चुका काढून टाकलेल्या नाहीत.

१२ जून २०२१

चुलतभाऊ आणि वाडीतले एक आजोबा यांना घेऊन पूर्ण हद्द फिरले. आजोबांनी तरुणपणी ठेकेदाराकडे तोडीवर काम केलंय, प्रत्येक खुंट ओळखतात. रानाचे सरळ तीन भाग पडतात. खाली पऱ्याकाठचा जुना पट्टा, अर्धा-पाऊण एकर, त्यात बेहडा, सातवीण, उंबर, जांभूळ, एक भलीमोठी गारंबीची वेल. मधला उतार साधारण साडेचार एकर, सगळा ऐन-किंजळीच्या खुंटांवरचे फुटवे, मधेमधे कुंभा, हिरडा. आणि वर सडा, कातळ, त्यावर गवत.

आजोबा म्हणाले, "आधी वणवा थांबव गो बाय, झाडं काय आपली आपण येतात." मी हो म्हटलं आणि घरी येऊन रोपांची यादी करत बसले.

२ ते ९ जुलै २०२१

लागवड. ३५० रोपं. मागितली होती देशी, मिळाली त्यात शिवण आणि करंज ठीक, पण शंभरच्या वर काशिद आणि गिरिपुष्प. टेम्पो दारात उभा, पाऊस चालू, रोपं परत कशी पाठवायची म्हणून घेतली. परत पाठवायला हवी होती. गिरिपुष्प शेताच्या बांधावर खताला चांगलं, रानात त्याचं काही काम नाही.

खड्डे आणि लागवड मिळून २६ रोज (एका माणसाचं एक दिवसाचं काम म्हणजे एक रोज). ऐंशी रोपं सड्यावर लावली कारण तिथे "मोकळी जागा" होती. कातळ पहारीने फोडून खड्डे केले, खालून माती वाहून नेली. त्या एका कामालाच ११ रोज गेले.

५ सप्टेंबर २०२१

आज सड्यावर तण काढायला गेले आणि काढूच शकले नाही. सगळा सडा फुललेला. सीतेची आसवं, गेंद, कडेला तेरडा, आणि कातळाच्या खळग्यात साचलेल्या पाण्यात बेडकं. आणि मधेमधे माझे खड्डे, भोवती उकरलेल्या मातीचे ढीग, आणि त्या ढिगावर नेमकं जे कधी सड्यावर नव्हतं ते तण. लहानपणी गुरांमागे इथूनच जायचे, गणपतीच्या आसपास ही फुलं असतातच, तरी खड्डे मारताना जूनमधला काळा कातळ बघून मी ही जागा रिकामी धरली.

सड्यावर मातीचा जेमतेम थर असतो, चार महिने पाणी तुंबतं आणि आठ महिने तापतो. त्यात जगणारी झाडं-झुडपं वेगळीच, छोटी, आपापली वेळ साधणारी. मोठं झाड तिथे एकतर मरतं किंवा जगलंच तर सावलीने आणि पातेऱ्याने, म्हणजे गळलेल्या पानांच्या थराने, बाकीच्यांना मारतं. तिथे झाडं नाहीत ते बरोबरच आहे.

ऑक्टोबरमध्ये रोपं उपटून खाली हलवायची, खड्डे त्याच दगडमातीने बुजवायचे. त्याचे अजून ४ रोज.

२० डिसेंबर २०२१

जाळरेषा, म्हणजे आग अडवायचा मोकळा पट्टा, काढली. पश्चिमेकडच्या हद्दीला, जिथे शेजाऱ्यांची काजूची बाग लागते, तिथे साधारण तीन मीटर रुंद पट्टा गवत कापून, पालापाचोळा ओढून स्वच्छ केला. ११ रोज. काम छान दिसतंय, फोटो काढले.

९ मार्च २०२२

वणवा. रात्री लिहितेय, हाताला फोड आलेत त्यामुळे थोडक्यात लिहिणार होते पण सगळं आत्ताच लिहिलेलं बरं.

अकराच्या सुमारास खालच्या काजूच्या बागेत साफसफाईची आग लावली होती. दरवर्षीच लावतात, काजू गोळा करायला जमीन स्वच्छ लागते. सकाळी वारा नसतो, आग बसून राहते. दुपारी खारा वारा सुटला आणि आग उताराला लागली. उतारावर आग वरच्या दिशेला पळते, चालत येत नाही, हे ऐकलेलं होतं, आज बघितलं.

जाळरेषेवर थांबेल असं वाटत होतं. नाही थांबली. डिसेंबरमध्ये स्वच्छ केलेल्या पट्ट्यावर फेब्रुवारीत ऐनाचा सगळा पातेरा पडलेला होता, घोट्याएवढा. मी डिसेंबरनंतर तिकडे फिरकलेच नव्हते. तीन मीटरचा पट्टा आगीने ओलांडायला मिनिटसुद्धा लागलं नाही.

वाडीतली चौदा माणसं आली. ओल्या डहाळ्यांनी कडेकडेने झोडपत, आणि बागेचे फवारणीचे पाठीवरचे पंप पाणी भरून. १६ लिटरचा पंप, समोर ज्वाळा असताना त्याचा काही उपयोग नाही, पण विझलेल्या कडेवरचे निखारे आणि पेटलेली ओंडकी गार करायला तोच कामाचा. अडीच तास. वरच्या पायवाटेवर, जिथे रोजच्या वहिवाटीने जमीन उघडीच असते, तिथे शेवटी अडली. माझ्या ११ रोजांच्या जाळरेषेपेक्षा ती दीड फुटाची पायवाट कामाला आली.

उपग्रहाच्या अलर्टवर मी नाव नोंदवून ठेवलं होतं. आज तो आला संध्याकाळी. उपग्रह दिवसातून ठराविक वेळाच वरून जातो, आणि त्याच्या एका ठिपक्यात ३७५ मीटरचा चौकोन मावतो. कुठे काय जळालं याची नोंद म्हणून उपयोगी, पण आग विझवायला माणसाचा फोनच लागतो. वाडीतल्या नऊ जणांचे नंबर एका ग्रुपमध्ये टाकले.

१५ मार्च २०२२

जळालं ते मोजलं. सव्वादोन एकर, सगळं मधल्या उतारावरचं, त्यातच माझी निम्म्याहून जास्त लागवड.

मोठ्या ऐनांना फारसं काही झालेलं नाही, मगरीच्या पाठीसारखी जाड साल असते त्याची. दहा वर्षांचे फुटवे बुडापाशी काळे झालेत, जगतील असं आजोबा म्हणतात. गुडघ्याएवढी, कमरेएवढी सगळी पोरं-टोरं झाडं संपली. नजरेला रान तसंच उभं दिसतं, पण पुढची पिढी गेली, आणि हे गेली कित्येक वर्षं दर एक-दोन वर्षांनी होत असणार.

शेजाऱ्यांकडे भांडायला गेले नाही. बाबा म्हणाले थांब आठ दिवस. बरं झालं थांबले.

२८ मे २०२२

पाऊस पडायच्या आधी मोजणी. हे खरं तर पहिल्या दिवशी करायला हवं होतं, म्हणजे सुरुवातीचा आकडा हातात राहिला असता. चारी कोपऱ्यांना खुंट्या मारून १० बाय १० मीटरचे सहा प्लॉट, दोन पऱ्याकाठी, दोन न जळलेल्या उतारावर, दोन जळलेल्या. सुतळी बांधायची आणि आतलं सगळं मोजायचं. मोठ्या झाडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर टेपने, जिथे सगळे मोजतात तिथेच, नाहीतर पुढच्या वर्षी तुलना करता येत नाही. एक मीटरखालची रोपं नुसती जातीप्रमाणे मोजायची. सहा प्लॉटला तीन दिवस लागले, दोघं जण.

लावलेल्या ३५० पैकी जिवंत ६१, आणि त्यातली निम्मी काशिद-गिरिपुष्प. आणि नुसत्या त्या सहा प्लॉटमध्ये, म्हणजे ६०० चौरस मीटरमध्ये, आपोआप आलेली रोपं २१२, १९ जातींची. त्यातली सगळ्यात जास्त पऱ्याकाठच्या दोन प्लॉटमध्ये, सगळ्यात कमी, तेरा, जळलेल्या दोनमध्ये.

वही मिटून बराच वेळ तिथेच बसले. आजोबांनी पहिल्या दिवशी सांगितलेलं ते हेच होतं.

यापुढे पैसा आणि रोज आधी आगीला, मग फुटव्यांना, मग रानमोडीला (उघड्या जागी माजणारं तण), उरलं तर लागवडीला.

१७ जुलै २०२२

जळलेल्या भागात खुंटांना नवे फुटवे. मेलेली वाटलेली कुंभ्याची रोपंसुद्धा मुळापासून परत फुटलीत. ऐन, किंजळ, कुंभा, ही आगीच्या सवयीची झाडं. जांभूळ, सातवीण, सुरंगी त्या भागात एक पण नाही परत आलं. सारखी आग लागत राहिली तर रान मरत नाही, पण दोन-चार जातींचं होऊन बसतं.

२५ ऑक्टोबर २०२२

फुटव्यांची विरळणी करायची तर परवानगी लागेल का हे आधी विचारून घेतलं. ऐन, किंजळ, हिरडा ही झाडं १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाच्या यादीत आहेत, त्यामुळे स्वतःच्या रानात असली तरी विचारल्याशिवाय हात लावू नका. अर्ज, सातबारा, तिन्ही खातेदारांच्या सह्या. आत्या पुण्यात, तिची सही आणायला एक आठवडा, पुढे कार्यालयात चार चकरा, एकूण पाच आठवडे गेले. पावसाळ्यातच अर्ज द्या म्हणजे हंगाम सापडतो.

२८ नोव्हेंबर ते १६ डिसेंबर २०२२

विरळणी. एका खुंटावर सहा ते बारा फुटवे, सगळे बारीक, एकमेकांना ढकलत वर गेलेले. कल्पना अशी की चांगला एक ठेवायचा, बाकी काढायचे, म्हणजे खुंटाची सगळी ताकद एकाला मिळून लवकर मोठं झाड होईल. ठेवायच्या फुटव्याला चुन्याचा पट्टा. १३० खुंट, ३४ रोज. निघालेलं जळण वाडीत वाटलं, थोडं विकलं, त्यातून मजुरीच्या चौथ्या हिश्शाएवढे पैसे सुटले.

कापायचं कसं ते आजोबांकडून शिकले ते लिहिते. आधी खालून अर्धी खाच, मग वरून घाव, नाहीतर फुटवा पडताना खुंटाची साल सोलून नेतो. काप खुंटाला लागून आणि तिरका, पाणी थांबता कामा नये. पावसात कापू नये, खुंट कुजतो. आणि ठेवायचा फुटवा जमिनीजवळून निघालेला असावा. खुंटाच्या वरच्या काठावरून निघालेला कितीही सरळ, जाड असला तरी खालचा खुंट कुजला की बुडातून ओणवा होतो.

वेली पण सरसकट तोडल्या, वेली झाडाला मारतात असंच सगळे म्हणतात. पळसवेल, शिकेकाई, कुसर. गारंबीला कोयती लावणार एवढ्यात भावाने अडवलं, वर शेकरू होतं, गारंबीवरून बेहड्यावर आणि बेहड्यावरून सातवीणवर गेलं, त्याचा रस्ताच तो. गारंबी वाचली, बाकीच्या गेल्या.

१४ जानेवारी २०२३

शेजाऱ्यांकडे तिळगूळ घेऊन गेलो, मी आणि काका. काका आले याचं मला खूप वाटलं, कारण त्यांना अजून हे सगळं पटलेलं नाही. मागच्या वर्षीच्या वणव्यात शेजाऱ्यांची पण काजूची तेवीस कलमं होरपळली होती हे तिथे गेल्यावर कळलं. म्हणजे आग त्यांनाही नको आहे, साफसफाई हवी आहे, आणि मजूर मिळत नाहीत म्हणून काडी लावतात.

ठरलं ते असं. हद्दीच्या दोन्ही बाजूंची जाळरेषा मिळून काढायची, मजुरी अर्धी-अर्धी. बागेतला पातेरा जाळायचाच असेल तर जानेवारी संपायच्या आत, पहाटे, दव असताना, आमची चार माणसं पंप घेऊन हजर असताना, आणि नऊच्या आत विझवायचं. फोन केल्याशिवाय काडी नाही.

जाळरेषा या वेळी सहा मीटर. डिसेंबरएवढ्या लवकर काढून उपयोग नाही हे कळलेलं होतं, पण नुसती उशिरा काढूनही भागत नाही, कारण ऐन फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत पान टाकतच राहतो. म्हणून जानेवारीत गवत कापायचं आणि पुढे दर पंधरा दिवसांनी फक्त खराटा. एका माणसाला एका फेरीला एक दिवस लागतो. नंतरची भर: मार्च-एप्रिलमध्ये पाच फेऱ्या झाल्या. एकूण खर्च ११ रोजांच्या जागी १९, त्यातले निम्मे शेजाऱ्यांचे.

३० मे २०२३

या उन्हाळ्यात आग आत आली नाही. एकदा वरून, सड्याच्या बाजूने, रस्त्यावरून कोणीतरी टाकलेल्या विडीने गवत पेटलं होतं, ग्रुपवर फोन आला, वीस मिनिटात विझवली.

२२ जुलै २०२३

मोठी चूक उघडी पडली. मागच्या आठवड्यात तीन दिवस सोसाट्याचा वारा, आणि विरळलेल्या १३० खुंटांपैकी ४३ चे फुटवे वाकले किंवा बुडातून मोडले. साधं कारण आहे. दहा वर्षं गर्दीत वाढलेला फुटवा उंच आणि काठीसारखा बारीक असतो, शेजारचे सात-आठ त्याला धरून उभे असतात. आधार एकदम काढला तर त्याला स्वतःच्या पायावर उभं राहायची ताकद आलेलीच नसते. आजोबा त्या वेळी दोन दिवस तापाने घरी होते, नेमका तेव्हाच मी एक ठेवायचा निर्णय घेऊन काम पुढे रेटलं. त्यांनी परत आल्यावर मान हलवली होती, मी विचारलं नाही का ते.

दुसरं नुकसान त्याहून वाईट. छत एकदम उघडल्याने खाली ऊन पोचलं आणि जिथे जिथे विरळणी केली तिथे रानमोडी. आत्ताच कमरेएवढी. तिचं बी वाऱ्यावर येतं, रस्त्याच्या कडेला भरपूर आहेच. डिसेंबर-जानेवारीत फुलते, मग वाळते, आणि वाळलेली रानमोडी पेट्रोलसारखी पेटते. म्हणजे माझ्या विरळणीने पुढच्या मार्चच्या वणव्याची सोय करून ठेवली.

३ ते १२ ऑगस्ट २०२३

रानमोडी उपटली. २२ रोज. फक्त कापली तर दुप्पट फुटते, त्यामुळे उपटायचीच, आणि त्यासाठी पावसाचेच दिवस, माती मऊ असताना. दोन माणसं शेजारी शेजारी, एक उपटणारा, एक गोळा करणारा. उपटलेली जमिनीवर टाकली तर मुळं परत धरते, पहिल्या दिवशी टाकलेली तिसऱ्या दिवशी ताठ उभी होती. मग सगळी उचलून गडग्याच्या दगडांवर मुळं वर करून घातली.

कडेला घाणेरीची साठेक झुडपं होती, त्यांचं तंत्र वेगळं. दिल्ली विद्यापीठातल्या सी. आर. बाबू यांच्या टीमने बसवलेली पद्धत आहे, मुळाचं खोड जमिनीखाली तीन ते पाच सेंटीमीटरवर कुदळीने तोडायचं, पूर्ण झुडूप उचलून उलटं ठेवायचं. सगळं मूळ खणत बसायचं नाही, त्याने माती उकरली जाते आणि पडलेलं बी वर येतं. पहिल्या दोन झुडपांना अर्धा-अर्धा तास, हात बसल्यावर पाच-सहा मिनिटं. साठातली चार परत फुटली, ती वर तोडलेली निघाली. फळ धरायच्या आत करा, बुलबुल ते फळ खाऊन कुठल्या कुठे पेरतात, आणि नंतर दोन-तीन वर्षं झाडांच्या फांद्यांखाली नवी रोपं बघत राहावं लागतं.

५ ते २० डिसेंबर २०२३

दुसऱ्या भागाची विरळणी, नव्या पद्धतीने, ९० खुंट, १९ रोज. एका खुंटावर तीन ते चार ठेवले, एकमेकांपासून लांब निघालेले. फक्त घासणारे, मेलेले आणि खुंटाच्या वरच्या काठावरचे काढले. दोन-तीन वर्षांनी दोनावर आणायचे, तोवर बुंधे जाड होतील. एकाच वेळी सलग भाग घ्यायचा नाही, मधे न विरळलेले पट्टे सोडायचे म्हणजे वारा आणि ऊन दोन्ही अडतं.

निवडीचा नियम पण बदलला. मागच्या वेळी सरळ तो चांगला असं धरलं होतं, ती ठेकेदाराची नजर. सरळ लाकूड मला विकायचंच नाहीये. आता वाकडा, फाट्याचा, ढोलीचा पण ठेवला. आणि ऐन-किंजळ भरपूर असल्याने जिथे त्यांच्या गर्दीत हिरडा, कुंभा किंवा एखादं नाणा सापडलं तिथे ऐनाचा फुटवा काढून त्याला जागा दिली. वेलींना हात लावला नाही, फक्त दोन ठिकाणी कोवळ्या फुटव्याला खाली ओढत होत्या तेवढ्या सोडवल्या.

काका एक दिवस येऊन बसले. "सगळं वाकडं-तिकडंच ठेवलंस गो," म्हणाले. मी त्यांना पऱ्याकाठच्या जुन्या पट्ट्यात नेलं आणि त्यातलं एक तरी झाड सरळ दाखवा म्हटलं. बराच वेळ वर बघत उभे होते.

१९ फेब्रुवारी २०२४

जुन्या बेहड्याची एक मोठी फांदी वाळलीये आणि खोडात ढोली आहे. ते झाड काढून टाकायचं असं घरात ठरत होतं, बाजूला पडेल म्हणून. गेले तीन दिवस धनेशाची जोडी त्या ढोलीपाशी येतेय, मलबारी कवड्या. मादी ढोलीत डोकं घालून बघते, नर शेजारी फांदीवर. घरटं केलं तर मादी स्वतःला आत लिंपून घेते आणि नर चिरेतून महिनोन् महिने भरवतो, आणि त्यासाठी एवढ्या घेराचं, एवढं जुनं झाडच लागतं. दहा वर्षांच्या तोडीत असं झाड कधी तयारच होत नाही.

पायवाट तीस मीटर वळवली. फोटो ग्रुपवर टाकायचा मोह झाला, टाकला नाही, जागा कळली की लोक येतात.

२६ फेब्रुवारी २०२४

जोडी गेली. या वर्षी घरटं नाही. बेहडा मात्र आता राहतोय, काकांनीच सांगितलं. वाळलेली फांदी पण ठेवली, तांबटाने त्यात भोक पाडलंय.

११ जून २०२४

या वर्षीची "लागवड". नर्सरीतून एकही रोप नाही. पऱ्याकाठच्या झाडांखालचं बी गोळा करून त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उताराच्या ओलसर भागात टोचलं. जांभळाचं बी वाळवून ठेवायची चूक २०२२ मध्ये केली होती, महिन्याभराने पेरलं तर काहीच उगवलं नाही, ते बी ओलंच पेरायला लागतं. हिरडा-बेहड्याला घाई नसते. गारंबीच्या बीला दगडावर एका बाजूने घासून कवच पातळ केलं, नाहीतर वर्ष-वर्ष तसंच पडून राहतं. किंजळीचं पंखवालं बी दोन वर्षं पेरून बघितलं, हाती फारसं काही लागलं नाही, ती खुंटावरूनच येऊ दे.

आणि एक फुकटचं काम, उताराच्या मोकळ्या जागेत तीन-चार उंच सुकी लाकडं उभी गाडली. पक्षी बसतात, खाली बी टाकतात. घाणेरीपण टाकतात, त्यामुळे खालची तपासणी चुकवायची नाही.

सगळं मिळून ५ रोज.

८ ऑगस्ट २०२४

रानमोडीची दुसरी फेरी, ९ रोज, मागच्या वर्षी २२. नव्या पद्धतीने विरळलेल्या भागात जवळजवळ नाहीच, सावलीत ती मान टाकते. जिथे एकेकच फुटवा ठेवला होता तिथे अजून आहे आणि दोन-तीन वर्षं तरी राहील. मोडलेल्या ४३ खुंटांना नवे फुटवे आलेत, त्यांना आता हात लावणार नाही.

२ नोव्हेंबर २०२४

मोजणी, तेच सहा प्लॉट. दोन खुंट्या गुरांनी पाडल्या होत्या, एका प्लॉटची हद्द अंदाजाने धरावी लागली, त्यामुळे तो आकडा कच्चा. आपोआप आलेली रोपं २१२ ची ३४७. जाती १९ च्या २६. जळलेल्या दोन प्लॉटमध्ये १३ ची ५८, त्यात चार जांभळं आणि एक सातवीण. लावलेल्या ३५० मधली आता ३८ शिल्लक. त्यातली काशिद काढून टाकायचीत.

दोन वर्षं आग आली नाही एवढंच त्यामागचं मुख्य कारण, असं माझं मत. विरळणीचा फायदा-तोटा कळायला अजून पाच-सात वर्षं जातील.

एकूण हिशोब कोणी विचारेल म्हणून. लागवड आणि तिची दुरुस्ती ३०, जाळरेषा आणि खराटा तीन हंगामांचे आमच्या वाट्याचे साधारण २८, पहिली विरळणी ३४, दुसरी १९, रानमोडी-घाणेरी मिळून ३५, बी आणि बाकी किरकोळ ८. दीडशेच्या वर रोज झाले, ५०० ने धरले तर सत्तर-ऐंशी हजार, जळणाचे थोडे परत आले. त्यात माझे आणि भावाचे दिवस धरलेले नाहीत. पहिल्या वर्षीची लागवड आणि पहिली विरळणी नीट केली असती तर यातले निदान साठ रोज वाचले असते.

१२ जानेवारी २०२५

जाळरेषेचं गवत कापून झालं. या वर्षी पलीकडचे अजून एक शेजारी सामील झालेत, त्यांच्या हद्दीचे दोनशे मीटर वाढले. त्यांच्या रानाला पण ठेकेदार येऊन गेलाय, ते अजून ठरवतायत. काका त्यांच्याशी बोलायला जाणार आहेत.

खुंटांवरचे चुन्याचे पट्टे दोन पावसात गेले, कुठला फुटवा कधीचा ते ओळखता येत नाहीये. भाऊ थंड पेयांचे ॲल्युमिनियमचे डबे कापून त्यावर खिळ्याने नंबर कोरतोय, तारेने सैल बांधायचे, बुंधा वाढेल तशी तार रुतायला नको. आज चाळीस झाले.